नानांचा वाडा आणि विद्यार्थ्यांची मंडळी

कोणत्याही समाजाच्या उत्कर्षाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहजच थोर पुरुषांच्या नावांकडे वळते. कोणी किती दान दिले, कोणी कोणती संस्था काढली, कोणास सरकारदरबारी कोणता मान मिळाला, याच्या याद्या आपल्या स्मरणिकांतून दरवर्षी छापल्या जातात, आणि त्या छापल्या जाव्यात असेच आम्हांस वाटते. परंतु तरुण विद्यार्थ्यांच्या हातून जेव्हा काही नवे, पूर्वी कोणी न केलेले असे कार्य घडले, तेव्हा त्यांच्या पाठीवर कोणा वडीलधाऱ्याचा हात होता, आणि तो हात आधाराचा होता की दाबाचा, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आमच्या मते इतिहासाचा हा भाग दानाच्या आकड्यांइतकाच मोलाचा आहे. तोच येथे एका उदाहरणाने मांडण्याचा विचार आहे.

उदाहरण मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांचे आहे आणि काळ १८४८ च्या आगेमागेचा. ते निवडण्याचे एक कारण उघडच आहे. आपल्या दैवज्ञ ज्ञातीचे भूषण जे नाना शंकरशेट, त्यांचा या कथेशी निकटचा संबंध आहे. दुसरे कारण असे की, नेतृत्वाच्या तीनचार निरनिराळ्या रीती येथे थोड्या वर्षांच्या अंतराने पाहावयास मिळतात आणि प्रत्येकीचे फळ काय झाले तेही इतिहासात नमूद आहे.

मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त होऊन विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाखांवर रुपयांचा निधी जमविला. त्या निधीतून इंग्रजी विद्या शिकविणारे अध्यापक नेमावयाचे ठरले. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोन प्राध्यापक १८३५ साली येऊन पोहोचले आणि पुढे १८४० साली हे वर्ग व एल्फिन्स्टन शाळा एकत्र होऊन इन्स्टिट्यूशन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर नाना सभासद होते. १८०३ साली जन्मलेले नाना तेव्हा सदतीस वर्षांचे होते. वडिलांच्या मृत्यूनंतर १८२२ पासून पेढीचा भार त्यांच्या शिरावर होता, आणि तेव्हापासूनच शिक्षणाच्या प्रत्येक कार्यात त्यांचे नाव आढळते.

या विद्यालयात विद्यार्थ्यांस प्रथम जो एतद्देशीय नेता लाभला तो म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. कोकणातील देवगडजवळच्या पोंभुर्ले गावचा हा बुद्धिमान पुरुष १८३४ साली साहाय्यक प्राध्यापक झाला. त्याआधीच, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्याने ‘दर्पण’ पत्र सुरू केले होते. १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. शास्त्रीबोवा गणित शिकवीत, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहात, शिलालेख वाचीत आणि पाठ्यपुस्तके लिहीत. दादाभाई नौरोजी व केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे विद्यार्थी.

१८४३ साली श्रीपाद शेषाद्री परळीकर या ब्राह्मण मुलाचे प्रकरण उपस्थित झाले. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्यास परत स्वधर्मात घ्यावे की नाही याविषयी शहरात मोठी खळबळ उडाली. त्यास शुद्ध करून घ्यावे म्हणून शास्त्रीबोवांनी पुढाकार घेतला आणि स्वतःवर बहिष्काराचे संकट ओढवून घेतले. वर्गात पुस्तकी उदारमत शिकविणारे पुष्कळ असतात. परंतु आपला गुरू बोलल्याप्रमाणे वागून त्याची किंमतही मोजतो, हे त्या पिढीच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले. दुर्दैवाने १८४६ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी शास्त्रीबोवा निवर्तले. त्यांनी वाट दाखविली, पण विद्यार्थ्यांची संघटना उभी करण्याइतके आयुष्य त्यांस लाभले नाही.

मुंबईच्या आधी वीस वर्षे कलकत्त्यास असाच एक प्रयोग होऊन गेला होता. त्याचा शेवट मुंबईच्या प्रयोगाहून फारच निराळा झाला, म्हणून तो येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तेथील हिंदू कॉलेजात १८२६ साली हेन्री डिरोझिओ हा सतरा वर्षांचा तरुण शिक्षक म्हणून आला. तो कवी होता, वक्ता होता, आणि विद्यार्थ्यांहून वयाने फारसा मोठा नव्हता. प्रत्येक गोष्ट तर्काच्या कसोटीवर घासून पाहा, असे तो शिकवी. १८२८ साली त्याने ‘अकॅडेमिक असोसिएशन’ नावाची वादसभा स्थापिली. ईश्वर, दैव, मूर्तिपूजा, स्वदेशप्रेम, कोणताही विषय तेथे वर्ज्य नव्हता. मुले त्याच्यावर जीव टाकीत. परंतु वादसभेतील आवेश घरात शिरला, घराघरांतून कलह माजला, पालकांनी मुले काढून घेण्यास प्रारंभ केला आणि कॉलेजच्या चालकांनी एप्रिल १८३१ मध्ये डिरोझिओस नोकरी सोडावयास लावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, बाविसाव्या वर्षी, पटकीने त्याचा अंत झाला.

त्याच्या शिष्यांतून मोठी माणसे निपजली यात शंका नाही. रामगोपाळ घोष, कृष्णमोहन बॅनर्जी, रामतनू लाहिरी ही नावे बंगालच्या इतिहासात आहेत. १८३८ साली त्यांच्यापैकी काहींनी ज्ञानार्जनासाठी पुन्हा एक सभाही काढली. परंतु डिरोझिओ असता विद्यार्थ्यांच्या ठायी जी धग होती ती त्याच्या भोवतीच होती. १८३१ च्या ऑगस्टात कृष्णमोहनाच्या घरी जमलेल्या मित्रांनी गोमांसाचे अवशेष शेजारच्या ब्राह्मण कुटुंबाच्या अंगणात फेकले. कृष्णमोहन त्या वेळी घरी नव्हता, तरी त्यास घर सोडावे लागले, आणि पुढील वर्षी तो ख्रिस्ती झाला. धाडस होते, बुद्धी होती, परंतु त्या धाडसाला काही काम लावून देणारे कोणी नव्हते. डिरोझिओवर दोष ठेवण्याचा आमचा हेतू नाही. वीसबावीस वर्षांच्या तरुणाने आणखी किती करावयाचे? त्या कॉलेजचे जे वडीलधारे चालक होते, त्यांनीही मुलांस दुसरा मार्ग दाखविला नाही. त्यांनी दाखविला तो केवळ दरवाजा.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईतही वातावरण निवळलेले नव्हते. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी डॉ. विल्सन यांच्याकडून बाप्तिस्मा घेतल्यापासून पारशी समाज धास्तावलेला होता. १८४५ च्या सुमारास बोर्डाचे अध्यक्ष व न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी दादाभाईंस बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस पाठविण्याची योजना पुढे मांडली. निम्मा खर्च आपण देऊ, निम्मा समाजाने द्यावा, असे ते म्हणाले. पैशांची अडचण मुंबईच्या शेटियांस नव्हती. परंतु मुलगा तिकडे जाऊन धर्म सोडील या भीतीने योजना बारगळली. पेरीसाहेबांचा हेतू चांगला होता. मात्र त्यांची रीत वरून निवड करण्याची होती. एक हुशार मुलगा हेरावा, त्यास उचलावे आणि दूर नेऊन मोठा करावा! समाजाने त्या हातावर विश्वास ठेवला नाही. हीच भित्री पारशी मंडळी चार वर्षांनी त्याच दादाभाईंच्या हाती आपल्या मुली सोपवू लागली, हे पुढे दिसेलच.

१८४८ च्या जून महिन्यात इन्स्टिट्यूशनमध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ म्हणजे विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र मंडळी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष प्राध्यापक पॅटन होते. विद्यालयातील व नुकतेच विद्यालयाबाहेर पडलेले तरुण तिचे सभासद असत. ते निबंध वाचीत आणि त्यावर चर्चा करीत. एवढेच झाले असते तर या मंडळीचे नाव आज कोणी घेतले नसते, कारण अशा निबंधसभा प्रत्येक कॉलेजात निघतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात बुडतात. परंतु पहिल्याच वर्षात मंडळीने दोन गोष्टी केल्या. इंग्रजी सभेच्या जोडीला मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा काढल्या, म्हणजे ज्यांस इंग्रजी येत नाही अशा नगरवासीयांसही शास्त्रीय विषय आपल्या भाषेत ऐकावयास मिळू लागले. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले व ते सुमारे सतरा वर्षे चालले. येथे एका गोष्टीची आठवण होते. १८४७ साली शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषेतून, या वादात नानांनी पेरीसाहेबांविरुद्ध बोर्डात देशी भाषांचा पक्ष लेखी मांडला होता. बोर्डाच्या टेबलाशी जो वाद सुटला नाही, त्याचे एक प्रत्यक्ष उत्तर विद्यार्थ्यांनी वर्षभरातच करून दाखविले. इंग्रजीतून शिकावे आणि मराठी-गुजरातीतून सांगावे!

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १८४९ साली मंडळीच्या सभेत बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंधास टाळ्या पडल्या असतील. तशा त्या सर्वच निबंधांस पडतात. परंतु सभा तेथेच संपली नाही. पॅटनसाहेबांनी विद्यार्थ्यांस आग्रह केला की, निबंधापाशी थांबू नका, बोललात ते करून दाखवा. नेत्याची कसोटी येथेच लागते. साहेबांस मनात आणते तर सरकारकडे अर्ज करता आला असता, किंवा आपल्या नावाने एखादी शाळा काढून त्यात चार विद्यार्थ्यांस नोकरीस ठेवता आले असते. त्यांनी यापैकी काहीच केले नाही. काम मुलांचे, म्हणून उपाय मुलांनीच शोधावा, अशीच त्यांची रीत दिसते.

आणि मुलांनी उपाय शोधला. पैसा नव्हता, इमारत नव्हती, शिक्षिका तर मुंबईत मिळणेच शक्य नव्हते. मग सभासदांनी स्वतःच शिकवावयाचे ठरविले. सकाळी सातपासून दहापर्यंत, आपल्या विद्यालयाची वेळ होण्यापूर्वी, विनावेतन. विद्यार्थी मिळविण्यासाठी दादाभाई व त्यांचे सोबती घरोघर हिंडले. ओटीवर बसून मुलींच्या वडिलांच्या विनवण्या करीत. काही गृहस्थांनी तर असले भलते सांगावयास आलात तर जिन्यावरून ढकलून देऊ अशी धमकी दिली, असे दादाभाईंनी उतारवयात आपल्या आठवणींत सांगितले आहे. ऑक्टोबर १८४९ मध्ये वर्ग सुरू झाले, तेव्हा ४४ पारशी व २४ हिंदू मुली पटावर होत्या.

अडुसष्ट मुली म्हणजे आजच्या शाळेतील एखाद्या तुकडीचा पट. परंतु शिक्षक असलेल्या वाचकांच्या लक्षात येईल की, हा आकडा पट म्हणून वाचावयाचा नाही. प्रत्येक मुलीमागे एक बाप, एक आई, बहुधा एक आजी, आणि त्या सर्वांचे मन वळविण्यासाठी घातलेल्या कित्येक खेपा आहेत. नवी कल्पना सुचणे सोपे असते. ती दुसऱ्याच्या ओटीपर्यंत नेऊन पोहोचविणे कठीण. कॉलेजातील मुलांस हे दुसरे काम कोणी शिकवीत नाही. ते ओटीवर बसूनच शिकावे लागते.

या प्रसंगी ज्ञातीच्या व शहराच्या वडीलधाऱ्यांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु वर्ग चालतात असे दिसताच पारशी समाजातील कामा कुटुंबाने द्रव्यसाहाय्य दिले, आणि मराठी मुलींच्या शाळेसाठी आपल्या नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. त्या काळी आपल्या आवारात परक्यांच्या मुली शिकावयास बसविणे म्हणजे केवळ जागेचे दान नव्हते. शहरातील पहिल्या प्रतीच्या शेटजींच्या वाड्यात जी गोष्ट चालते ती अगदीच भ्रष्टाकार नसणार, असा विश्वास त्यामुळे पुष्कळ भीरू बापांस वाटला असला पाहिजे. नानांनी आपली प्रतिष्ठा त्या पोरांच्या कामास उसनी दिली. आणि तरीही शाळा मंडळीचीच राहिली. शाळेस नानांचे नाव लागले, पण ती चालविण्याचे काम विद्यार्थ्यांच्या मंडळीकडेच होते. जागा देणारे आपल्या समाजात त्या काळीही थोडे नव्हते आणि आजही नाहीत. जागा देऊन किल्ली दुसऱ्याच्या हाती ठेवणारे मात्र आम्हांस आयुष्यात फार थोडे भेटले.

या विषयात पहिलेपणाचा मान मुंबईच्या या विद्यार्थ्यांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ सालीच मुलींची शाळा काढली होती, आणि पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात शाळा सुरू केली होती. त्या दांपत्याच्या पाठीशी ना प्राध्यापक होता ना वाडा. त्यांस तर स्वतःच्या घरातूनही बाहेर पडावे लागले. त्यांचे धैर्य निराळ्या जातीचे आहे आणि त्याची तुलना येथे करणे अप्रस्तुत होईल. आमचा विषय विद्यालयातील सामान्य धैर्याच्या मुलांविषयी आहे. अशा मुलांच्या हातून असामान्य काम कसे घडते, एवढेच आम्ही शोधीत आहो.

त्याच मुंबईत, त्याच सुमारास, त्याच विद्यालयातील पुष्कळ तरुणांस ओढून घेणारी आणखी एक संस्था होती, ती परमहंस सभा. १८४९ च्या सुमारास ती निघाली. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, ही तिची उद्दिष्टे. सभासद होताना परजातीच्या हातचा पाव खाण्याची रीत होती. विचाराच्या दृष्टीने ही सभा विद्यार्थ्यांच्या मंडळीपेक्षा कितीतरी पुढे गेलेली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु सर्व कारभार गुप्त. सभासद हजारापर्यंत वाढतील तेव्हा प्रकट व्हावयाचे, असा बेत होता. नेत्यांनी तरुणांस मोठी गोष्ट सांगितली आणि ती लपवून ठेवावयासही सांगितले. दहा वर्षे हे चालले. १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती उत्पन्न झाली आणि सभा पाहता पाहता विस्कळीत झाली. पुढे १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग आदींनी प्रार्थनासमाज उघडपणे स्थापिला, त्यात या जुन्या सभेतील काही मंडळी होती, हे खरे. पण मधली वर्षे वाया गेली ती गेलीच.

याउलट विद्यार्थ्यांच्या मंडळीचे सर्व काही उघड्यावर होते. सभा उघड, वर्गणी उघड, वृत्तांत छापलेले. आज किती मुली, किती खर्च, कोणी काय दिले, हे कोणासही वाचता येत असे. ज्या कामाचा हिशेब लोकांसमोर ठेवावयाचा असतो, त्या कामातील मुले आपोआप जबाबदार होतात. हा आमचा शाळेतील अनुभव आहे. सहलीचा खर्च वर्गप्रमुखाने फळ्यावर लिहावा असा नियम केल्यापासून आमच्या वर्गात एक आणाही कधी चुकला नाही, आणि आणे जाऊन नवे पैसे आल्यावरही नियम तसाच राहिला असे आमच्या गुरुजनांकडून आम्ही ऐकले.

नेतृत्व कसे होते याची खरी परीक्षा नेता निघून गेल्यावर होते. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास कुर्ट लेविन व त्यांचे सहकारी लिपिट आणि व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या लहान मंडळ्या करून असाच प्रयोग केला होता. काही मंडळ्यांत प्रमुख केवळ हुकूम सोडी, काहींत मुलांशी विचारविनिमय करी, काहींत सर्वच मुलांवर सोपवून स्वस्थ बसे. हुकमी प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या मंडळीचे काम थंडावे. विचारविनिमय करणाऱ्याच्या मंडळीत तो नसतानाही काम चालू राही. आणि जेथे प्रमुख नुसताच स्वस्थ बसे तेथे काम यथातथाच. हा प्रयोग लहान मुलांवर झाला हे खरे, आणि प्रयोगातील मुखवटे बनविणे कोठे आणि मुंबईतील कन्याशाळा कोठे! तथापि खोलीबाहेर जाण्याची कसोटी आम्हांस मार्मिक वाटते.

पॅटनसाहेब खोलीबाहेर गेले, म्हणजे मुंबई सोडून गेले. मंडळी चालू राहिली. गणित व पदार्थविज्ञानाचे जे अध्यापकपद गोऱ्या साहेबांवाचून कोणास मिळत नसे ते १८५४ साली दादाभाईंस मिळाले, आणि १८५५ साली तेही कामा कंपनीच्या व्यापारासाठी लंडनला निघून गेले; तरी मंडळी चालू राहिली. गोव्यातील मांजरे गावाहून लहानपणी मुंबईस आलेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीत वैद्यकीची पदवी मिळविलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे मंडळीचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले. म्हणजे ज्या खुर्चीवर प्रथम साहेब बसला त्या खुर्चीवर विद्यार्थ्यांमधलाच एक जण येऊन बसला. पारशी मुलींच्या शाळा पुढे त्या समाजाच्या स्वतंत्र मंडळाने आपल्याकडे घेतल्या, आणि मंडळीच्या नावाची मुलींची शाळा विसाव्या शतकातही गिरगावात नांदत होती.

याच शिकवणुकीचे दुसरे फळ २६ ऑगस्ट १८५२ रोजी दिसले. त्या दिवशी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्याच दालनात बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. नाना तिचे अध्यक्ष. चिटणीस दोन, एक डॉ. भाऊ दाजी व दुसरे नानांचे चिरंजीव विनायकराव. सभेत जुने शेटिये होते आणि काल-परवापर्यंत ओटीवर विनवण्या करणारे दादाभाईंसारखे तरुणही होते. पार्लमेंटास धाडावयाच्या अर्जातील सरकारवरील टीका तीव्र आहे म्हणून काही वजनदार गृहस्थ बाहेर पडले. नाना राहिले. तरुणांचा मसुदा कडक आहे हे पन्नाशीकडे झुकलेल्या या धनिकास कळत नव्हते असे नाही, आणि सरकारशी बिघडल्यास गमावण्याजोगे त्यांच्याजवळ त्या तरुणांपेक्षा पुष्कळ अधिक होते. १८५७ च्या बंडाच्या वेळी त्यांच्यावर सरकारी संशयही आला, तो पुढे निराधार ठरला. ३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले.

आता हे सर्व याच स्मरणिकेत आणि याच वर्षी लिहिण्याचे प्रयोजन सांगतो. आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी गेल्या दिवाळीत कार्यकारी मंडळापुढे एक मागणी ठेवली, ती पुष्कळ सभासदांच्या कानावर आली असेल. ही मुले अभियांत्रिकी, वाणिज्य, कला अशा निरनिराळ्या शाखांत शिकतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी आता ऐरणीचा आवाज होत नाही. त्यांचे म्हणणे असे की, ज्ञातीतील जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत, ज्यांस फुंकणी व मूस वापरून हाताने दागिना घडविता येतो, ज्यांच्यापाशी आजोबांच्या हातचे ठसे अजून आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या कामाचे चित्रण करावे, हत्यारांची व नक्षींची नावे त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यावीत आणि हा संग्रह सर्वांस पाहता येईल असा ठेवावा. ओतीव कामाची यंत्रे आल्यापासून हा हुन्नर किती झपाट्याने मावळत आहे हे सराफकट्ट्यावर बसणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. मुलांनी पंधरा हजार रुपये मागितले आणि दोन खोल्यांपैकी एक खोली रविवारी मागितली.

कार्यकारी मंडळाने मागणी फेटाळली नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. परंतु मंजुरी देताना पाच वडीलधाऱ्यांची देखरेख समिती नेमली. कोणत्या कारागिराकडे जावयाचे, काय विचारावयाचे, चित्रणात कोणाचे नाव आधी घ्यावयाचे, हे सर्व समितीने ठरवावयाचे आणि प्रत्येक भाग प्रकट होण्यापूर्वी तिला दाखवावयाचा. समितीची पहिली बैठक भरून सात महिने झाले. दुसरी अद्याप भरलेली नाही. त्या अवधीत मुलांच्या यादीतील दोन कारागीर दिवंगत झाले. एकाच्या घरचे ठसे मोडीत गेले असे समजले.

आमच्याच वयाचे काही मित्र म्हणतात की, मुलांस मोकळे सोडले तर ज्ञातीच्या नावास बट्टा लागेल असे काही प्रसिद्ध होईल. हे भय अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. कलकत्त्याच्या चालकांसही असेच भय होते, आणि त्यांच्या बाबतीत ते खरेही ठरले. परंतु त्या मुलांपाशी करावयाचे काम नव्हते. आपल्या मुलांपाशी आहे, आणि ते त्यांनी स्वतः शोधून आणलेले आहे.

यास्तव येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक लेखी सूचना ठेवीत आहो. देखरेख समिती विसर्जित करावी. मागितलेली रक्कम व रविवारची खोली मुलांस द्यावी. कोणा एका वडीलधाऱ्या सभासदाने त्यांच्यासमवेत कारागिरांच्या घरी जावे. परंतु प्रश्न मुलांनी विचारावेत. दर तीन महिन्यांनी झालेल्या कामाचा व खर्चाचा हिशेब मुलांनी स्वतः सभेत उभे राहून वाचावा. सूचनेवर अनुमोदकाची सही अद्याप व्हावयाची आहे. कार्यालयात नानांची तसबीर आहे त्या खालच्या टेबलावर कागद ठेवला आहे.